पटावर नाव, धक्क्यावर मुलगा



दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका कुटुंबाच्या जातीच्या दाखल्याचे कागद अडले होते, म्हणून आम्ही एक दिवसाची रजा टाकली आणि मालाडहून बसने मार्व्याला व तेथून होडीने मनोरीला गेलो. ही खाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे. गोराईचा पॅगोडा २००९ साली खुला झाल्यापासून सहकुटुंब तिकडे जाणे होते. परतताना मनोरीच्या किनाऱ्यावर मुलांना खेळवून आणणारेही अनेक आहेत. गावात आत मात्र सहसा कोणी शिरत नाही. मनोरी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, पण पाहू गेल्यास खेडेच. बोटी, जाळी, वाळत घातलेले बोंबील, नारळीच्या वाड्या, आणि अधूनमधून पैसेवाल्यांचे बंगले. अशाच एका बंगल्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत जालना जिल्ह्यातून आलेले आपले एक कुटुंब राहते. आम्हाला त्यांच्याकडेच जायचे होते.

होडी धक्क्याला लागली तेव्हा दोर झेलायला एक दहा वर्षांचा मुलगा पुढे आला. खाली शाळेची पँट, वर कोणाचा तरी ढगळ बनियन. दोर त्याने एका झटक्यात गुंडाळला आणि आमचा हात धरून म्हणाला, "काका, पाय जपून. शेवाळ आहे." आम्ही त्याला पत्ता विचारला तर हसून म्हणाला, "ते आमचंच घर." सकाळचे दहा वाजले होते. त्याची शाळा सकाळची.

घरात भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्टीलच्या फुलदाणीत ताजी फुले. आई बंगल्यावर धुणीभांडी करते, वडील बांधकामावर जातात. थोरली मुलगी सातवीत, तिच्या वह्यांना खाकी कव्हरे घातलेली. मुलगा चौथीत.

"ताई, हा आज शाळेत नाही गेला?" आम्ही विचारले.

"नाव हाये की शाळेत," ताई म्हणाल्या. "सर म्हणतेत, पास व्हईल."

आमच्या पिशवीत याच साप्ताहिकाचा अंक होता. तो मुलाच्या हाती देऊन आम्ही मोठ्या अक्षरांतील मथळा वाचायला सांगितला. त्याने बोट ठेवले, पहिल्या अक्षराशी घुटमळला, मग शेजारच्या फोटोकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबासाहेब." मथळ्यात बाबासाहेबांचे नाव नव्हतेच. तो महागाईवरचा मथळा होता. बहिणीने मान खाली घातली. मुलाच्या ते लक्षात आले आणि "बोट येते" असे म्हणून तो बाहेर पळाला.

वाचकांनो, या मुलाला शाळा सोडलेला म्हणता येत नाही. पटावर त्याचे नाव आहे, पुस्तके-गणवेश मिळाले आहेत, जाईल त्या दिवशी खिचडीही मिळते. तरी तो शाळेतून निघाला आहे, हे आम्हाला त्या क्षणी स्पष्ट दिसले. मुलगा शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी दोन दिवस जातो, मग आठवडा, मग परीक्षेपुरता, आणि शेवटी नाव कमी होते तेव्हा घरात कोणाला धक्काही बसत नाही.

धक्क्यावर तो काय करतो ते ताईंनीच सांगितले. बोटी आल्या की मासळीच्या पाट्या सरकवायच्या, बर्फ फोडायचा, कोळंबी-जवळा निवडायचा. दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये आणि संध्याकाळच्या कालवणापुरती मासळी. आम्ही बी.कॉम. झालेलो, हिशेब मांडायची खोड जात नाही. महिन्याचे आठ दिवस, दिवसाला १२० रुपये, म्हणजे ९६० रुपये. पुढे शिकून तो साधा शिपाई झाला तरी किती मिळवील, हे आम्ही कागदावर मांडून दाखवू लागलो. ताईंनी शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊ, तुमचा हिशेब बरोबर हाये. पर तो दहा सालानंतरचा हाये. माझा वाणी शनिवारी येतो."

आम्ही कागद घडी करून खिशात ठेवला.

या ताई अडाणी आईबाप म्हणून टीका करावी अशा मुळीच नाहीत. मुलीची शाळा त्या एक दिवस चुकवू देत नाहीत. का, असे विचारले तर म्हणाल्या, "पोरीला नाही शिकवलं तर तिच्या नशिबी माझ्यासारखीच धुणीभांडी. पोराचं काय, पोरगा कुठंबी पोट भरतो."

हे वाक्य आम्ही आपल्या वस्तीत, नात्यात, लग्नाच्या मांडवात किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. मुलगी घरी बसवली तर आज निदान चार माणसे विचारतात. त्यासाठी सावित्रीमाईंपासून आजच्या महिला मंडळांपर्यंत किती जणींनी शिव्या खाल्ल्या, शेण झेलले. १९९२ साली राज्य सरकारने गरीब मागासवर्गीय मुलींना पहिली ते चौथीसाठी हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता. मुलींचे हे काम अजून संपलेले नाही, त्यात काडीचीही कपात नको. पण मुलगा शाळेतून सरकला तर विचारणारा कोणी नाही. उलट त्याने आणलेले शंभर रुपये आजी डोळ्यांना लावते. "कर्ता झाला हो!" दहा वर्षांचा कर्ता!

पुढच्या शनिवारी ताईंना बरोबर घेऊन आम्ही शाळेत गेलो. वर्गशिक्षक भला माणूस. मुलाच्या घरी ते आधीच दोनदा येऊन गेले होते, दोन्ही वेळा ताई कामावर होत्या. त्यांनी हजेरीपट काढला. आमची अर्धी नोकरी हजेरीपट लिहिण्यातच गेली, त्यामुळे असा कागद आमच्याशी बोलतो. जून ते ऑगस्ट जवळजवळ रोज हजर. सप्टेंबरपासून मधे मधे खाडे, आणि तेही एकेकटे नव्हेत, तीन-चार दिवसांचे झुपके. भिंतीवर कॅलेंडर होते. आम्ही तारखा लावून पाहिल्या तर बहुतेक झुपके अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पडत होते.

खाडीकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. या किनाऱ्यावर डोलीची मासेमारी आहे. डोल म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेले मोठे पिशवीसारखे जाळे. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जोराची, म्हणून मासळी जास्त, आणि हातही जास्त लागतात. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा काम कमी. शिवाय भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, शाळेची घंटा मात्र जागची हलत नाही. आपल्याला पौर्णिमा म्हणजे विहारातली वंदना आणि खीर. त्या मुलाला पौर्णिमा म्हणजे तीन दिवसांची मजुरी.

एका मुलाच्या पटावरून सिद्धांत मांडू नये, एवढे आम्हाला कळते. पण जून-जुलैची भरलेली हजेरी पाहून आमच्या मनात एक प्रश्न आला तो सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पोरे घरी असतात. ऊसतोड कामगार त्या दिवसांत गावी असतात, कारण कारखाने दिवाळीच्या सुमारास पेटतात. वीटभट्ट्या पावसात थंड असतात. म्हणजे पावसाळ्यात गोरगरिबांचा मुलगा शाळेत सापडण्याचा संभव सर्वांत अधिक. आणि आपली मोजणी केव्हा होते? महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे मोठे सर्वेक्षण झाले ते ४ जुलै २०१५ या एका दिवसात. शाळांच्या पटासाठी सरकारने धरलेली नेहमीची तारीख ३० सप्टेंबर. गळती सुरू होते त्याच्यानंतर. घागर भरलेली असताना मोजायची आणि गळते कुठे म्हणून विचारायचे, असा हा प्रकार.

त्यामुळे कागदावर सारे छान दिसते. २०२१-२२ च्या यूडायस अहवालात देशातील प्राथमिक शाळेची गळती दीड टक्क्याच्या आसपास आहे, त्यात मुलांची मुलींपेक्षा किंचित जास्त. बरे, वर्गात बसणाऱ्यांना तरी येते का? ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही. मनोरीचा आमचा छोटा मित्र या निम्म्यांतला आहे. दीड टक्क्यात तो अजून आलेला नाही.

आपल्या महापुरुषांनी ही गोष्ट किती आधी आणि किती नेमकी ओळखली होती! महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. पण तेवढेच त्यात नाही. गरिबांची मुले शाळेत आली तरी टिकत नाहीत, कसलेही हलके काम मिळाले की शाळा सोडतात, खेड्यात गुरे राखायला आणि शेतावर आईबापांना ती लागतात, म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन त्यांना टिकवून धरा, असे जोतीरावांनी बजावले होते. ताईंचा शनिवारचा वाणी त्यांनी तेव्हाच हिशेबात धरला होता म्हणायचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला.

बाबासाहेब १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. आठच दिवसांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हाती घेतले, म्हणून हे भाषण झाकोळून जाते. त्यात त्यांनी हिशेब मांडला की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. मुलगा शाळेतून बाहेर पडेल तो कायमचा साक्षर होऊनच पडला पाहिजे, याहून प्राथमिक शिक्षणाचा दुसरा हेतू नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दारूच्या करातून सरकार दरडोई दोन रुपयांहून अधिक गोळा करते आणि शिक्षणावर १४ आणे खर्च करते, हेही त्यांनी सभागृहाला ऐकवले. पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा प्राथमिकपुरती ठेवावी अशी सूचना आली तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण ठरवतो, तर तोवर ते मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. घटनेने यासाठी दहा वर्षांची मुदत दिली. १९६० साल आले आणि गेले. हक्काचा कायदा झाला २००९ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल २०१० पासून.

एवढे सर्व असूनही मुलगा धक्क्यावर का रमतो? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला घरातच मिळाले. ते सांगताना जरा जड जाते, पण सांगतो.

आमचे थोरले बंधू आमच्याहून आठ वर्षांनी मोठे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी चौथीत असताना त्यांची शाळा सुटली. घरात नेहमी सांगितले जाई की त्याला शिक्षणाची आवड नव्हती, तो गुरांत रमायचा. खोताची गुरे राखून पायलीभर भात मिळायचे, ते आम्ही सर्वांनी खाल्ले. चौदाव्या वर्षी ते मुंबईला आले आणि भंगाराच्या दुकानात लागले. आमची कॉलेजची फी त्यांनी भरली. बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी आख्ख्या चाळीला पेढे वाटले. त्यांना स्वतःला सहीपुरते लिहिता येते. आमचे हे सदर दर आठवड्याला वहिनी त्यांना वाचून दाखवतात.

मनोरीहून परतल्यावर आम्ही त्यांना त्या मुलाची हकीकत सांगितली आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारले, "दादा, तू शाळा का सोडलीस?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "सोडली कुठे रे? गुरुजी आम्हाला मागे दाराजवळ बसवायचे. अंगण झाडायला, सरपण फोडायला उठवायचे. पाटी कधी तपासली नाही. दुसरी-तिसरीत मला आपोआप वर ढकलला. चौथीत उभं करून वाच म्हणाले. सगळी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी गुरांमागे गेलो. गुरांना माहीत नव्हतं मला वाचता येत नाही."

वहिनी उठून आत गेल्या. आम्हालाही काही सुचेना. चाळीस वर्षे ज्याला आम्ही 'आवड नाही' म्हणत आलो तो माणूस शरमेने शाळेबाहेर गेला होता, आणि त्याच्या त्या शरमेवर आमची पदवी उभी राहिली.

आता त्या मनोरीच्या मुलाकडे पाहा. धक्क्यावर त्याला सगळे नावाने हाक मारतात. पाट्या मोजायला चुकत नाही. भरती केव्हा फिरणार ते घड्याळ न बघता सांगतो. वर्गात तोच मुलगा शेवटच्या बाकावर, फळ्यावरची अक्षरे त्याला परकी. माणूस, मग तो दहा वर्षांचा का असेना, जिथे मान मिळतो तिथेच जाणार. गरिबी हे कारण खरे आहे, पण तेवढेच असते तर बहीणही शाळेत दिसली नसती. वाचता न येण्याची लाज आणि घरात आलेल्या पैशाचे कौतुक, ही दोन एकत्र आली की मुलगा गेलाच म्हणून समजा.

उपाय नाहीत असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे घेऊन रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात नेली. तीच 'कुरणशाळा'. १९९० नंतर वसईच्या बाजूला विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंग्यांतच शाळा भरवल्या, त्या 'भोंगा शाळा'. (भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी.) मूल जिथे आहे तिथे शिक्षक गेला, मुलाला दोष देत बसला नाही. भरतीचे वेळापत्रक बघून खाडीकाठची शाळा उधाणाच्या दिवसांत दुपारी का भरू नये, असे आमच्या मनात येते. अर्थात आमच्यासारख्या कारकुनाला कोण विचारतो!

तोवर आपल्या हाती जे आहे ते करायचे. आम्ही नाखव्याला भेटलो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करायची सूट आहे, आणि हा काही तुमच्या घरचा मुलगा नव्हे, असे सांगितले. नाखवा चिडला नाही. म्हणाला, "मी पण तिसरीतनंच बोटीवर आलो. पोरगा स्वतः येतो, हाकलू कसा?" बऱ्याच बोलण्यानंतर कबूल झाला की पैसे मुलाच्या हातात देणार नाही आणि सकाळी दिसला तर शाळेकडे पिटाळील. आठवड्यातून एकदा ताईंना घरच्या कालवणापुरती मासळी तशीच देईन, असे तो आपणहून म्हणाला. वाण्याची उधारी फेडायला महिला मंडळाच्या भिशीतून ताईंना काही रक्कम मिळाली. ती त्या चार हप्त्यांत परत करणार आहेत.

वाचनाचे काम बहिणीने घेतले. रोज संध्याकाळी अर्धा तास, पहिलीच्या पुस्तकापासून. पुस्तकाला मात्र चौथीचे कव्हर घातले आहे, ही तिचीच युक्ती. सरांनी त्याला शेवटच्या बाकावरून पुढे आणले आणि महिनाभर वर्गात मोठ्याने वाचायला सांगणार नाही असे कबूल केले.

ज्यांच्या घरात, शेजारी किंवा गावी असा मुलगा असेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, वर्षाचा मध्य आहे, या कारणांनी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी वेगळी शिकवणी हा मुलाचा हक्क आहे. मारणे, अपमान करणे कायद्याने बंद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. आपल्यातले किती जण त्या सभेला जातात? जयंतीच्या कमिटीत यायला रांग लागते, या कमिटीचे नावही कित्येकांना माहीत नाही. गावाकडून भट्टीवर, उसावर जाणारे नातेवाईक असतील तर निघण्याआधी मुलाला गावी कोणाकडे ठेवता येईल ते दिवाळीआधीच बोलून ठेवा. मुलगा सलग तीन दिवस गेला नाही की घरी निरोप यावा, एवढी एकच विनंती वर्गशिक्षकांना करून ठेवा. आम्ही मनोरीच्या सरांना तीच केली आहे.

पहिली पौर्णिमा बरी गेली, एकच खाडा झाला. हे लिहायला बसलो त्याच्या आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला. अमावास्या उलटून दोन दिवस झाले आहेत आणि मुलगा तीन दिवस वर्गात नाही. दादांना सांगितले तर ते म्हणाले, "या खेपेला मी पण येतो." उद्या सकाळी पहिल्या होडीने आम्ही दोघे निघतो आहोत.